मातीविना बाग : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकातल्या आवाहनानंतर आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा विषय एकच निघाला : पाण्यात खत किती घालायचे आणि मीटरवरचा आकडा हलला की काय समजायचे. म्हणून या वेळचे पान त्यालाच दिले आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : बाल्कनीत चार इंची पीव्हीसी पाइपात लेट्यूस आणि पालक लावला आहे. खाली २० लिटरचा टब आणि पंप. खत घातले तेव्हा टीडीएस मीटर ९०० दाखवत होता. चार दिवसांनी टबात १४ लिटर पाणी उरले आणि मीटर ११५० वर गेला. मध्ये खताचा एक थेंबही घातला नाही. मीटर बिघडला का? (मुलुंड)

मीटर ठीक आहे, खत जास्त झाले आहे.

आधी आकड्यांबद्दल. टीडीएस मीटर क्षार मोजत नाही. तो पाण्याची विद्युतवाहकता, म्हणजे ईसी मोजतो आणि तिला एका ठरावीक संख्येने गुणून पीपीएम दाखवतो. आपल्याकडे मिळणारे बहुतेक पेन मीटर १.० ईसीला ५०० पीपीएम धरतात, काही ७०० धरतात. त्यामुळे 'माझे ९०० आहे, तुझे किती?' या गप्पांना अर्थ उरत नाही. बटण दाबून ईसीवर आणा आणि तोच आकडा वहीत लिहा. तुमचा मीटर ५००चा धरला, तर सुरुवातीला ईसी १.८ होता आणि आता २.३ आहे.

आता हिशेब. २० लिटर गुणिले १.८ म्हणजे ३६. १४ गुणिले २.३ म्हणजे साधारण ३२. चार दिवसांत ६ लिटर पाणी गेले आणि खताचे जेमतेम ४ भाग गेले. चार भागिले सहा, म्हणजे साधारण ०.६. झाडांनी (आणि उन्हाने) उचललेल्या प्रत्येक लिटरमागे खत गेले ते ०.६ ईसीच्या पाण्यात असते तेवढेच. तुम्ही समोर ठेवले होते १.८चे. झाडांनी पाणी घेतले, क्षार मागे सोडले आणि उरलेले पाणी घट्ट होत गेले.

हा भागाकार दर आठवड्याला करण्यासारखा आहे, कारण कोणत्याही तक्त्यापेक्षा तो तुमच्या बाल्कनीबद्दल जास्त सांगतो. पाणी उतरते आणि ईसी चढतो, तर द्रावण कडक आहे. पाणी आणि ईसी दोन्ही उतरतात, तर झाडे भुकेली आहेत. पाणी उतरते पण ईसी जागच्या जागी राहतो, तर हात लावू नका. पाण्याची पातळी न लिहिता नुसता ईसी लिहिणाऱ्याला यातले काहीच कळत नाही, म्हणून टबाच्या आत लिटरच्या खुणा करून ठेवा.

लेट्यूसला ०.८ ते १.२ पुरतो, पालक १.८ ते २.३पर्यंत आनंदाने खातो. एकाच टबावर दोघे असतील, तर लेट्यूसचे ऐकावे लागते. पालक थोडा सावकाश वाढेल एवढेच. १.३वर, लेट्यूसच्या मर्यादेच्या जवळ, आणा. त्यासाठी टबात ११ लिटर ठेवा, ३ लिटर काढून दुप्पट साधे पाणी मिसळून कुंड्यांना घाला आणि टबात ९ लिटर नळाचे पाणी ओता. पंप पंधरा-वीस मिनिटे चालू द्या, मगच मीटर बुडवा. यापुढे पातळी भरायची ती ०.६च्या पातळ द्रावणाने, पूर्ण ताकदीच्या नव्हे. दोन-तीन आठवड्यांनी सगळे पाणी बदला. मीटर एकूण क्षार दाखवतो, त्यात नायट्रेट किती उरले आणि न खाल्लेला सोडियम किती साचला हे तो सांगू शकत नाही.

प्रश्न : १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेले खत) लिटरला १ ग्रॅम देते. ईसी फारसा चढत नाही म्हणून दीड ग्रॅम केले, तर कोवळी पाने वाकडी आणि कडेने तपकिरी झाली. खत कमी की जास्त? (दादर)

चुकीचे. शेतात ठिबकमधून किंवा फवारणीतून द्यायला १९:१९:१९ उत्तम आहे, पण मातीविना पद्धतीत एकट्याने चालत नाही. त्यातले निम्म्याहून जास्त नत्र युरियाच्या रूपात असते. युरियाचे पाण्यात आयन होत नाहीत, त्यामुळे तो मीटरला दिसतच नाही. आकडा कमी म्हणून तुम्ही खत वाढवलेत आणि वाढला तो न दिसणारा भाग. पुढे त्याचे अमोनियम होते. ते मुळांना जाचते आणि कॅल्शियम आत घेऊ देत नाही. मुळात या पाकिटात कॅल्शियम नाहीच. कोवळ्या पानांची तक्रार तिथलीच आहे.

पालेभाज्यांसाठी सुटी विद्राव्य खते आणून दोन बाटल्या करा.

पहिल्या बाटलीत, म्हणजे 'ए'मध्ये : कॅल्शियम नायट्रेट ७० ग्रॅम आणि चिलेटेड लोह (पाण्यात विरघळलेले राहावे म्हणून ईडीटीएने बांधलेले, १२ टक्के) २ ग्रॅम, पाणी घालून १ लिटर.

दुसऱ्या बाटलीत, म्हणजे 'बी'मध्ये : १३:००:४५ (पोटॅशियम नायट्रेट) ४० ग्रॅम, ००:५२:३४ (मोनो पोटॅशियम फॉस्फेट) २० ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ४० ग्रॅम, पाणी घालून १ लिटर. सूक्ष्म अन्नद्रव्ये यातच, पण हायड्रोपोनिक्ससाठी, म्हणजे मातीविना शेतीसाठी, विकले जाणारे मिश्रण घ्या. फवारणीच्या बाटलीत लोहाच्या मानाने जस्त आणि तांबे फार असते. मिश्रणात लोह आधीच असेल, तर 'ए'मधले वगळा.

एक लिटर पाण्यात दोन्हींचे १०-१० मिली घातले की ईसी नळाच्या आकड्यावर साधारण १.५ने चढतो. लेट्यूससाठी ६ ते ७ मिली, वर सांगितलेल्या ०.६च्या भरणीसाठी ३ ते साडेतीन मिली. वजनाला एक दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा लागेल. चमच्याने मोजू नका.

दोन बाटल्या कशाला, एकच का नको, असे आणखी तिघांनी विचारले आहे. घट्ट द्रावणात कॅल्शियम आणि सल्फेट भेटले की जिप्सम बनतो, कॅल्शियम आणि फॉस्फेट भेटले की दुधी गाळ बसतो. तो गाळ म्हणजे तळाशी गेलेले तुमचे पैसे. टबात पाणी भरून आधी 'ए' घाला, नीट ढवळा, मग 'बी'. मापही मध्ये धुऊन घ्या.

प्रश्न : एप्रिल-मेमध्ये सोसायटी टँकर मागवते. त्या महिन्यांत झाडे हमखास बसतात. आरओच्या बाहेर पडणारे पाणी वापरू का? (चेंबूर)

आरओचे फेकपाणी नको. यंत्राने तुमच्या पिण्याच्या पाण्यातून काढलेले सगळे क्षार त्यातच असतात. फरशी पुसायला ठीक.

महापालिकेचे पाणी भातसा, तानसा, वैतरणा वगैरे तलावांतून येते आणि ते मऊ असते. बहुतेक ठिकाणी मीटर ०.१ ते ०.२च्या आसपास थांबतो. ही आपल्या शहराची चैन आहे. टँकर विहिरीवर किंवा बोअरवर भरला असेल, तर त्याच मीटरवर ०.८, कधी १.०च्या वर दिसते आणि त्यात मिठाचा वाटा मोठा असू शकतो. लेट्यूसचे ताट खत पडायच्या आधीच भरलेले. अशा पाण्यात खत घालून १.२ गाठले, तर मीटर खूश आणि झाड उपाशी.

टँकर आला की बादलीभर पाणी मोजा. ०.४पर्यंत असेल तर चालवून घ्या. त्याहून जास्त असेल तर पिण्याच्या आरओ पाण्यात मिसळून ०.३च्या खाली आणा. वीस लिटरच्या टबाला तेवढे परवडते. टाकी मोठी असेल तर पावसाचे पाणी साठवा (पहिल्या एक-दोन सरींचे छपरावरचे सोडून द्या). आरओ किंवा पावसाच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जवळजवळ नसते, पण वरच्या कृतीत दोन्ही पुरेसे आहेत. वेगळी बाटली घेऊ नका.

प्रश्न : परदेशी खताच्या तक्त्यात फुलोऱ्याच्या आठवड्यांत १४०० पीपीएम लिहिले आहे. आपल्याकडे तेच पाळावे का? (अंधेरी)

नाही. सोबत पाठवलेला तक्ता गांजाच्या झाडासाठी आहे. परवान्याशिवाय त्याची लागवड १९८५च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याखाली गुन्हा आहे, तेव्हा त्या पिकाबद्दल या पानावर सल्ला मिळणार नाही. आणि हे आकडे तुळशीला लावलेत, तर पाने करपू शकतात. तो तक्ता ७००च्या मापाचा असेल तर १४०० म्हणजे ईसी २.०, ५००च्या मापाचा असेल तर २.८. कोणते माप हे तक्त्यावर छापलेलेच नाही. तुळस आणि बेझिल १.० ते १.६वर ठेवा.

प्रश्न : पावसाळ्यात लेट्यूसच्या आतल्या पानांच्या कडा करपतात. दुकानदाराने कॅल्शियम वाढवायला सांगितले, तरी फरक नाही. मुळेही तपकिरी दिसतात. (बोरिवली)

दोन वेगळे आजार आहेत. कॅल्शियम झाडात चढते ते पाण्याच्या ओढीबरोबर, आणि ती ओढ पानांतून बाष्प उडाल्याने निर्माण होते. जुलैच्या दमट, वारा पडलेल्या हवेत आतल्या मिटलेल्या पानांतून बाष्प उडतच नाही. टबात कॅल्शियम कितीही ओता, ते तिथवर पोहोचत नाही. उलट ईसी वाढला की मुळांना पाणी ओढणे आणखी जड जाते. ईसी १.०च्या खाली आणा, झाडांवर छोटा पंखा मंद सोडा, दोन रोपांत ८-९ इंच अंतर ठेवा.

मुळांचे कारण बहुधा पाण्याचे तापमान. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलीग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना साडेसातच. गरम झालेली मुळे मात्र प्राणवायू जास्त मागतात आणि कुजवणाऱ्या बुरशीला असेच पाणी आवडते. पांढरी, सुती दिसणारी मुळे निरोगी. तपकिरी, बोटाने ओढताच साल सुटणारी आणि वास येणारी मुळे कुजलेली. नुसता रंग तपकिरी असेल आणि मुळे घट्ट असतील, तर तो कधी कधी खताचा डाग असतो.

टब थर्माकोलच्या खोक्यात बसवा, पाइपांना पांढरा रंग द्या, एअर स्टोन (पाण्यात हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) रात्रंदिवस चालू ठेवा. दुपारी एक लिटरची गोठवलेली बाटली टबात सोडली की २० लिटर पाणी तीन-चार अंश उतरते. टबाला झाकण हवेच : एका जोरदार सरीत वाऱ्याने आलेले दोन लिटर पाणी ईसी खाली आणते आणि तुम्ही उगाच झाडांनी खाल्ले असे समजून खत घालता. कुजलेले रोप काढून टाका, टब ब्लीचने धुऊन पूर्ण वाळवा. आणि खरे सांगायचे तर मे आणि जूनमध्ये लेट्यूसचा हट्ट सोडून लाल माठ, अळू किंवा पुदिना लावावा.

प्रश्न : गच्चीवर कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) बादल्यांत टोमॅटो. वरून २.०चे द्रावण देतो, तरी पाने गडद, वाटीसारखी वळलेली. (गोरेगाव)

वरून काय देता यापेक्षा खालून काय गळते ते मोजा. पाणी दिल्यावर तळाच्या छिद्रातून आलेले पाणी वाटीत धरा. ते २.०च्या जागी ३.५ निघाले, तर क्षार कोकोपीटमध्ये साचले आहेत. प्रत्येक वेळी दिलेल्या पाण्यापैकी पाचवा हिस्सा गळून जाईल एवढे द्या. आज मात्र बादलीच्या दीडपट ०.८चे द्रावण सावकाश ओतून धुवा. साध्या पाण्याने धुऊ नका, कॅल्शियमही निघून जाते. नवीन कोकोपीट घेतलेत तर आधी नळाच्या पाण्यात दोनदा भिजवून पिळा, मग लिटरला ४-५ ग्रॅम कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात रात्रभर ठेवून पुन्हा धुवा. नारळाच्या काथ्यात पोटॅशियम आणि सोडियम दडलेले असते.

फळे धरल्यावर टोमॅटोला २.५ ते ३.० चालते. भर उन्हात २.०च बरे.

प्रश्न : पंप नाही. बरणीत पालक आहे, पाणी अर्ध्यावर आले. काठोकाठ भरू का? (घाटकोपर)

नको. वर उघडी पडलेली मुळे आता हवा घेतात, ती बुडाली तर रोप मान टाकते. दोन बोटे पाणी वाढवा, तेही अर्ध्या ताकदीचे.

प्रश्न : पीएच (पाण्याची आम्लता) आधी लावायचा की ईसी? व्हिनेगर चालेल का? (परळ)

ईसी आधी, कारण खत घातल्यावर पीएच स्वतःच उतरतो. अर्ध्या तासाने मोजून ५.८ ते ६.२मध्ये आणा. आपले पाणी मऊ असल्याने पीएच पटकन हलतो, म्हणून फॉस्फोरिक आम्ल पाण्यात दहापट पातळ करून थेंबाथेंबाने घाला. आम्ल पाण्यात ओतायचे, पाणी आम्लात कधीही नाही, आणि हातमोजे-चष्मा घालून. व्हिनेगरने पीएच उतरतो खरा, पण जिवाणू ते खाऊन टाकतात आणि दोन दिवसांत आकडा पुन्हा वर. ६.५च्या वर बराच काळ राहिला तर ईडीटीएचे लोह सुटते आणि कोवळी पाने पिवळी, शिरा हिरव्या अशी दिसतात.

ईसी मीटर महिन्यातून एकदा १४१३ मायक्रोसीमेन्सच्या, म्हणजे ईसी १.४१च्या, द्रावणात तपासा. वापरल्यावर धुऊन कोरडा ठेवला तरी चालतो. पीएच पेनचे टोक मात्र कोरडे पडू देऊ नका आणि शुद्ध पाण्यातही ठेवू नका. त्याच्या टोपणात पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणाचे चार थेंब कायम असावेत.