बोट ठेवता येईल तेवढंच बोल

बेटा,

काल रात्री पावणेबाराला तुझा आवाजातला मेसेज आला तेव्हा मी जागाच होतो. दोनदा ऐकला. पहिल्यांदा वाईट वाटलं, दुसऱ्यांदा तुझाच राग आला. फोन केला असता तर मी चिडलो असतो आणि तू ‘हो काका, हो काका’ म्हणत ठेवून दिला असतास. म्हणून लिहितोय.

झालं असं, की बत्तीस माणसांची बस, तू गाइड, बीबीच्या मकबऱ्याला चाळीस मिनिटं, आणि दरवाज्यातून आत शिरता शिरता पुढचे गृहस्थ म्हणाले, ‘अहो, हा तर ताजचा गरीब भाऊ!’ सगळे हसले. तूही हसलीस. मग तुला काही सुचेना. मुमताज, शहाजहान, आग्रा असं काहीबाही सांगत राहिलीस आणि वेळ संपली. वर टूरवाल्याने ऐकवलं, मॅडम, जरा मसाला टाका, लोक कंटाळतात. आता तू मला विचारतेस, लोकांना हवं ते सांगू की खरं ते सांगू?

प्रश्नच चुकलाय तुझा. सतराव्या शतकातलं खरं काय ते तुला-मला कितीसं ठाऊक? आपण काय तिथे हजर होतो? गाइडने स्वतःला एवढंच विचारायचं, की मी आता जे बोलणार आहे त्यावर बोट ठेवता येईल का? समोरच्या दगडात, चुन्यात, पाण्यात ते दाखवता येईल का? येत असेल तर बोल. नसेल येत तर गप्प बस, नाहीतर ‘असं म्हणतात’ असं स्पष्ट सांगून मोकळी हो. (बोट ठेव म्हणजे दाखव. स्मारकाला हात लावायचा नसतो, हे तुला सांगायला नको.)

आता मकबऱ्याचंच घे. ताजचं नाव तू होऊन काढायचं नाही. पाहुणा काढणारच. त्याने काढलं की वाद घालायचा नाही, ‘चला, फरक दाखवते’ म्हणायचं आणि त्याला सरळ मुख्य इमारतीच्या भिंतीपाशी न्यायचं. खालचा पट्टा संगमरवराचा आहे. तो जिथे संपतो तिथे बोट दाखव. त्याच्या वर घुमटापर्यंत आपला काळा दगड, त्यावर पांढरा गिलावा, आणि घुमट पुन्हा संगमरवरी. जिथे गिलाव्याचा पोपडा निघालाय तिथे आतला दगड दिसतो, तोही दाखव. एकदा ती सांध्याची रेघ नजरेला पडली की माणूस बडबड थांबवतो, हे मी शेकडो वेळा पाहिलंय. मग सांग, की हा संगमरवर जयपूरकडच्या खाणींतून यायचा. ताव्हर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या सुरतेहून गोवळकोंड्याला जाताना त्याला वाटेत संगमरवराने लादलेल्या तीनशे गाड्या लागल्या, आणि त्यातल्या सगळ्यात लहान गाडीलासुद्धा बारा बैल जुंपलेले होते, असं तो लिहून गेलाय. आता पुन्हा त्या रेघेकडे बघायला लाव. दगड किती दुरून आणायचा आणि कुठे हात आखडायचा, त्याचा हिशेब त्या रेघेवर दिसतो. ह्यापेक्षा जास्त मसाला कुणाला हवाय?

नंतर मुख्य प्रवेशद्वाराशी ये. त्या दारावरच्या लेखात दोन नावं आहेत. अताउल्ला आणि हंसपतराय. एक वास्तुकार, दुसरा बांधकाम बघणारा. बादशहाची, बेगमांची नावं जगाला माहीत असतात, पण काम करणाऱ्यांची नावं दारावर सापडणं किती दुर्मिळ! तिथे पाच मिनिटं दे. ताजशी नातं सांगायचंच असेल तर इथे सांग. ताजचा प्रमुख वास्तुकार उस्ताद अहमद लाहोरी, त्याचाच मुलगा हा अताउल्ला. मात्र बापाचं नाव ह्या दारावर नाही, ते आपल्याला कागदांतून कळतं, हेही त्याच दमात सांगायचं.

आणि ते ‘मुलाने आईसाठी बांधलेला ताज’ जरा जपून. इथे पुरलेली दिलरस बानू बेगम, औरंगजेबाची बायको, 1657 साली गेली. तिचा मुलगा आझमशाह, त्याचा जन्म 1653 चा. इमारत 1660-61 च्या सुमाराची. म्हणजे पोरगं तेव्हा सात-आठ वर्षांचं. आता तूच सांग, ह्या वयाची मुलं काय बांधतात? पुढे मोठेपणी त्याने तिथे काही काम करवून घेतलं असेल-नसेल, पण बोटावर मोजता येणारं गणित तरी पाहुण्याला करू दे. त्याला ते फार आवडतं. लोक कंटाळतात ते आपण त्यांना काही करायला ठेवत नाही म्हणून.

तू म्हणशील, काकांना सांगायला काय जातंय. तर ऐक.

पहिली वीस वर्षं मी ह्याच मकबऱ्यासमोर उभा राहून सात आण्यांचा विनोद केला. जुन्या तवारिखेत खर्चाचा आकडा आहे, 6,68,203 रुपये 7 आणे. मी आकडा हळूहळू चढवत न्यायचो, एक क्षण थांबायचो, आणि ‘सात आणे!’ म्हणायचो. हमखास हशा. मग ताजचे कोटी सांगायचो, की पुन्हा हशा. बक्षिशी चांगली मिळायची. पण हसून झालं की लोक मकबऱ्याकडे पाहायचे ते कीव केल्यासारखे, आणि पाठ करून फोटो काढून निघायचे. माझ्याच गावची इमारत मी वीस वर्षं रोज दोनदा हसण्यावारी नेली. काल तू हसलीस एकदा. मी हिशेब करत नाही माझा.

त्याहून वाईट ते भुयाराचं. पाणचक्कीला शाळांच्या सहली यायच्या. मुलं दंगा करायची, मास्तर घामाघूम. मग मी आवाज खाली आणून सांगायचो, ‘ह्या जमिनीखालून एक भुयार थेट दौलताबादच्या किल्ल्यात जातं.’ पिनड्रॉप. कुठून सुचलं देव जाणे, कदाचित मीही लहानपणी कुणाकडून ऐकलं असेल. पंधरा-सोळा वर्षांनी मी तिथल्याच बाकावर डबा खात बसलो होतो. एक तरुण मास्तर चाळीस मुलं घेऊन आला, हौदाच्या कडेला थांबला, आवाज खाली आणला आणि माझंच वाक्य, माझ्याच शब्दांत म्हणाला. मुलं चूप. नंतर मला ओळखून पाया पडायला आला. ‘सर, सातवीत तुमच्याकडून ऐकलं होतं.’ मी त्याला काही बोललो नाही. बोलायला हवं होतं. चाळीस मुलांसमोर त्याचा पाणउतारा नको म्हणून गप्प बसलो असं मी बायकोला सांगितलं, आणि ती म्हणाली, त्याचा की तुमचा?

त्या दिवसापासून हे बोटाचं खूळ.

आणि गंमत अशी, की पाणचक्कीला जमिनीखालून खरंच काहीतरी येतं! पाणी येतं. उत्तरेच्या डोंगरातला झरा, तिथून भाजलेल्या मातीचे नळ, ते पुरलेले. भुयाराची थाप मारताना मी ज्या उंच खांबाला टेकून उभा राहायचो, त्याच खांबातून पाणी वर चढतं आणि वरून हौदात कोसळतं. पंप नाही, काही नाही. डोंगरातली उंची हाच त्याचा जोर. त्याच जोरावर खालचं चाक फिरून वरचं जातं दळायचं, आणि बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यात येणाऱ्या यात्रेकरूंच्या, शिष्यांच्या भाकरीचं पीठ निघायचं. पाहुण्यांना आधी खांब दाखव, मग हौद, मग जातं, आणि शेवटी हौदाखालच्या दालनाबद्दल सांग. हौदाचा तळ म्हणजेच त्या दालनाचं छत. डोक्यावर पाणी, म्हणून मे महिन्यातही खाली गार. त्या जुन्या वडाखाली उभं राहून हे सगळं वीस मिनिटांत होतं, आणि एकही शब्द असा लागत नाही ज्यावर बोट ठेवता येत नाही. उन्हाळ्यात पाणी आटलेलं असलं तरी घाबरू नकोस. पाणी नसलं की नळ आणि खांब जास्त नीट समजतात.

पाण्यावरून मलिक अंबरवर ये. हबशी गुलाम, बाजारात विकला गेलेला माणूस, निजामशाहीचा कर्ता होतो आणि 1610 मध्ये खडकी नावाच्या गावाचं शहर करतो. आणि त्या शहरासाठी नहर खणतो. नावाबद्दल विचारतात म्हणून तू घाबरतेस ना? घाबरायचं काय त्यात? खडकी, मग त्याच्या मुलाच्या वेळी फतेहनगर, मग औरंगाबाद, आणि 2023 पासून छत्रपती संभाजीनगर. क्रमाने सांगायचं आणि पुढे चालायला लागायचं. वाद घालायला आलेल्या माणसाला भडकल दरवाज्यापाशी उभं कर. 1612 सालचा, मलिक अंबरचाच. मान वर करून कमान बघायला लाव. मान वर केलेला माणूस भांडत नाही.

बावन्न दरवाज्यांचं शहर असं तू घोकून ठेवलंयस, ते मी परवा ऐकलं. किती दाखवू शकतेस? दिल्ली, मक्का, पैठण, रोशन, भडकल, रंगीन, काळा, बारापुल्ला... एवढ्यावर बोट ठेव, उरलेल्यांना ‘म्हणतात’.

लेण्यांचं मात्र मला खरंच बोलायचंय, कारण तिथे तू कुणाला नेतच नाहीस. मला कळत नाही तुम्हा पोरांचं. वेरूळ, अजिंठा सगळ्यांना हवं असतं, सोमवारी अजिंठा बंद, मंगळवारी वेरूळ बंद, आणि त्या रिकाम्या दिवशी तुम्ही पाहुण्यांना मॉलमध्ये सोडता! मकबऱ्याच्या मागच्या डोंगरात आपल्या शहराची स्वतःची बौद्ध लेणी आहेत, बहुतेक सहाव्या-सातव्या शतकातली. तिसऱ्या लेण्यात बुद्धापुढे गुडघे टेकून बसलेले स्त्री-पुरुष आहेत, जवळजवळ माणसाएवढे. देवाच्या मूर्ती सगळीकडे असतात, इथे समोर बसलेली माणसं आहेत. त्यांची केशरचना एकेक वेगळी. सातव्यात गाभाऱ्याच्या डाव्या अंगाला नाचणारी बाई, दोन्ही बाजूंना वाजवणाऱ्या बायका. तिथे उजेड कमी. बॅटरी बाजूने धर, समोरून नाही. समोरून धरलीस तर मूर्ती सपाट होते. बाजूने हळूहळू फिरव, म्हणजे कंबर वळते. एकदा एका आजीबाईंना दाखवलं, त्यांनी आयुष्यभर कथक शिकवलं होतं. त्या काही बोलल्या नाहीत. चप्पल काढून ठेवली आणि तसेच पाय टाकून पाहिले. मी बॅटरी धरून उभा. त्या दिवशी मी तोंडातून एक अक्षर काढलं नव्हतं.

खाण्याचं थोडक्यात. नान खलियाची, म्हणजे नान आणि मटणाच्या रश्श्याची, गोष्ट लोक तुघलकाच्या फौजेपर्यंत नेतात. तू भट्टीपर्यंत ने. तो मोठा पिवळसर नान बाहेर निघताना बघू दे, वास घेऊ दे, पुढचं पोट बघून घेतं.

राहिलं दुकानाचं. तू विचारलंस आणि मी इतका वेळ टाळतोय, ते मला कळतंय. हिमरूच्या, म्हणजे रेशीम-सुताच्या कापडाच्या, दुकानात पाऊण तास आणि मकबऱ्याला चाळीस मिनिटं हा हिशेब कुणाच्या फायद्याचा, ते तुला माहीत आहे. मीही अकरा वर्षं कमिशन घेतलं. पोरीची इंजिनिअरिंगची फी त्यातून गेली. घेतलं ते घेतलं, मी काही साधू नव्हतो. पुढे सोडलं तेव्हा एका टूरवाल्याने मला यादीतून काढून टाकलं, दोन सीझन घरी बसलो. मुलगी शिकून झाली होती म्हणून बसू शकलो, हेही लिहून ठेवतो, नाहीतर तुला वाटेल काकांच्या अंगात फार तत्त्व. तुझ्या घरी काय आहे ते मला माहीत आहे. तुझ्या बाबांच्या औषधांचा खर्च मी भरत नाही, तेव्हा दुकानात नेऊ नकोस असं मी म्हणणार नाही. पण नेलंस तर तिथेही बोट ठेव. हातमाग असेल तर माग दाखव, रेशीम कुठलं आणि सूत कुठलं ते उलट बाजूने धागा दाखवून सांग, आणि यंत्रावरचा माल असेल तर हातमागाचा म्हणू नकोस. दुकानदार तोंड वाकडं करेल. करू दे.

तो टूरवाला मसाला मागतो ना, त्याला सांग चाळीसची पन्नास मिनिटं दे. नाही म्हणेल. पुन्हा माग. मी सहा वर्षं मागत होतो, तेव्हा कुठे पंचेचाळीस मिळाली.

रविवारी सकाळी साडेसहाला लेण्यांच्या पायथ्याशी ये. चहा मी आणतो. तू बॅटरी आण, मोठी नको, पेनाएवढी, आणि सेल बदलून आण. मागच्या वेळी तिसऱ्या लेण्यात विझली होती.

काका