वाचकांचे प्रश्न : एक सर्व्हर पडला तरी काम थांबू नये म्हणून

प्रश्न : एचएप्रॉक्सीच्या (विनंत्या सर्व्हरांमध्ये वाटून देणारा प्रोग्राम) मागे दोन टॉमकॅट (जावा ॲप्लिकेशन चालवणारे सर्व्हर) आहेत. एक बंद पडला की त्यावरचे सगळे लोक लॉगआउट होतात. मग दुसरा सर्व्हर घेऊन काय मिळाले? (नाशिक)

उत्तर : विनंत्या दुसरा सर्व्हर उचलतोच. पण लॉगिनची माहिती, म्हणजे सेशन, पहिल्याच्या मेमरीत होते आणि त्याच्याबरोबर गेले. कुकीवर चालणाऱ्या स्टिकी सेशनमुळे माणूस एकाच सर्व्हरवर टिकतो, सेशनची दुसरी प्रत काही तयार होत नाही.

दोन-तीन टॉमकॅट असतील तर त्याचेच क्लस्टरिंग, म्हणजे सर्व्हरांचा गट करण्याची सोय, पुरते. ‘सर्व्हर.एक्सएमएल’मध्ये क्लस्टरचा टॅग घाला आणि ॲप्लिकेशनच्या ‘वेब.एक्सएमएल’मध्ये ‘डिस्ट्रिब्युटेबल’. मुळात डेल्टामॅनेजर हा सेशनच्या प्रती पाठवणारा भाग लागू होतो. तो प्रत्येक सेशन प्रत्येक नोडवर (गटातल्या सर्व्हरवर) पाठवतो, त्यामुळे नोड वाढले की नेटवर्क आणि मेमरी दोन्ही खातो. नोड एकमेकांना 228.0.0.4 या मल्टिकास्ट (एकच निरोप अनेकांना देणाऱ्या) पत्त्यावर, 45564 पोर्टवर शोधतात. प्रती 4000 ते 4100 मधल्या एखाद्या टीसीपी पोर्टवरून जातात. फायरवॉलने हे अडवले तरी टॉमकॅट निमूट सुरू होतो. म्हणून लॉगमध्ये ‘रेप्लिकेशन मेंबर ॲडेड’ ही ओळ आली का, ते आधी बघा.

खरी गोची कोडमध्ये असते. सेशनमधली प्रत्येक वस्तू सीरियलायझेबल, म्हणजे बाइट्समध्ये बदलून पाठवता येणारी हवी. शिवाय सेशनमधून खरेदीची यादी काढली, तिच्यात एक वस्तू वाढवली आणि ती सेशनमध्ये परत ठेवणारे ‘सेटॲट्रिब्यूट’ पुन्हा बोलावले नाही, तर डेल्टामॅनेजरला बदल कळतच नाही. सर्व्हर पडल्यावर माणूस लॉगिन राहतो, पण यादी जुनी दिसते. चाचणीत हे हमखास सुटते, कारण तिथे फक्त लॉगिन टिकले का एवढेच पाहतात. स्टिकी सेशन मात्र काढू नका: प्रती असिंक्रोनस, म्हणजे विनंतीला न थांबवता मागाहून जातात, पुढची विनंती प्रतीच्या आधी दुसऱ्या नोडवर पोहोचू शकते.

नोड जास्त असतील तर सेशन रेडिसमध्ये (माहिती मेमरीत साठवणारा वेगळा सर्व्हर) ठेवणे आम्हाला बरे वाटते. फक्त तो रेडिस एकटा ठेवू नका. नाहीतर दुखणे एका मशीनवरून दुसऱ्यावर गेले, इतकेच.

प्रश्न : हेल्थ चेकच्या पानावर (सर्व्हर ठीक आहे का हे एचएप्रॉक्सी जिथे तपासतो) आम्ही डेटाबेसची एक क्वेरी चालवतो. डेटाबेस काही सेकंद अडकला आणि सगळ्यांना 503 (सेवा उपलब्ध नाही) दिसू लागले. सर्व्हर तर चालू होते! (पुणे)

उत्तर : एचएप्रॉक्सी मूळ सेटिंगमध्ये दर 2 सेकंदांनी तपासतो आणि लागोपाठ 3 वेळा नापास झालेला सर्व्हर बाजूला काढतो. डेटाबेस सामाईक, म्हणून सगळे एकदमच नापास झाले. विनंती द्यायला कोणी उरलेच नाही. त्या एका सर्व्हरपुरते जे बिघडू शकते, तेवढेच हेल्थ चेकने पाहावे. डेटाबेसची तब्येत मॉनिटरिंगसाठी वेगळ्या पानावर द्या. पण म्हणून नुसता पोर्ट तपासण्यावरही येऊ नका. टॉमकॅटचे विनंत्या हाताळणारे 200 च्या 200 थ्रेड अडकले तरी पोर्ट उघडाच असतो आणि ती तपासणी पास होत राहते.

नव्याने उठलेल्या सर्व्हरवर भार हळूहळू वाढवणारा ‘स्लोस्टार्ट’ 60 सेकंद द्या. नुकत्याच सुरू झालेल्या, थंड जेव्हीएमवर (जावा चालवणारा भाग) पूर्ण भार पडला की तो पुन्हा नापास होतो.

प्रश्न : दोन एचएप्रॉक्सी आणि कीपअलाइव्हडी (एक मशीन पडले की दुसऱ्याकडे ताबा देणारा प्रोग्राम). दोघेही स्वतःला मास्टर समजतात.

उत्तर : त्यांना एकमेकांचे निरोप पोहोचत नाहीत. व्हीआरआरपीचे (मास्टर कोण हे ठरवणारा, कीपअलाइव्हडी वापरतो तो प्रोटोकॉल) निरोप दर सेकंदाला 224.0.0.18 वर जातात, आणि 112 हा आयपी प्रोटोकॉलचा क्रमांक आहे, पोर्टचा नाही. फायरवॉलमध्ये टीसीपी 112 उघडून काहीच होत नाही. मल्टिकास्ट चालत नसेल तिथे ‘युनिकास्ट पीअर’मध्ये समोरच्याचा पत्ता द्या. सगळे नीट असेल तर 100 प्रायॉरिटीचा बॅकअप साधारण 3.6 सेकंदांत ताबा घेतो.

आणखी एक. मशीन चालू आणि एचएप्रॉक्सी मेलेला, हे कीपअलाइव्हडीला आपणहून कळत नाही. त्यासाठी तपासणीची स्क्रिप्ट लागते. तिचे आकडेही जुळायला हवेत. मास्टरची प्रायॉरिटी 150, बॅकअपची 100 आणि स्क्रिप्टचे वजन (ती नापास झाल्यावर प्रायॉरिटीतून वजा होणारा आकडा) उणे 20 असेल, तर मास्टर 130 वर येऊनही मास्टरच राहतो. 101 आणि 100 ठेवा, वजन उणे 2.

प्रश्न : दोन्ही सर्व्हर 65 टक्क्यांवर चालतात. पुरेसे आहे ना? (ठाणे)

उत्तर : नाही. एक पडला की दुसऱ्यावर 130 टक्के येणार. दोनच असतील तर गर्दीच्या वेळीही प्रत्येकी 45 च्या आत ठेवा. तिसरा, चौथा जोडणार असाल तर कनेक्शन पूल (प्रत्येक सर्व्हरने डेटाबेसकडे उघडून ठेवलेली कनेक्शन) आधी मोजा : 4 सर्व्हर, प्रत्येकी 30, म्हणजे 120, आणि पोस्टग्रेस या डेटाबेसची मूळ मर्यादा 100 आहे.