बहिणीने प्रश्नावलीत ९ लिहिलं आणि यंत्रावर काहीच दिसलं नाही, म्हणजे ती वाढवून सांगते का?

नाही. हे आधी सांगून टाकते, बाकीचं मग.

तुम्ही लिहिलंय की तुमची धाकटी बहीण पूर्वी स्वतःला इजा करून घ्यायची, आणि अशा मुलामुलींवरच्या एका संशोधनात ती सहभागी झाली. बोटांना वायरी लावून तिला काही चित्रं दाखवली. 'किती त्रास झाला' याला तिने १० पैकी ९ दिले आणि नंतर तिथल्या कोणीतरी तिला सांगितलं की तुझ्या रीडिंगमध्ये तसं काही दिसत नाही. तेव्हापासून ती गप्प आहे.

मी चार वर्षं अशाच एका प्रयोगशाळेत संशोधन सहायक होते. वायरी लावायचं काम माझ्याकडेच असायचं. त्या माणसाने हे बोलायलाच नको होतं. सौजन्य राहू द्या बाजूला, शास्त्र म्हणूनही ते वाक्य चुकीचं आहे.

ते यंत्र दुःख मोजत नाही, घाम मोजतं. दोन बोटांना इलेक्ट्रोड लावून, आपल्याला जाणवणारही नाही इतका कमी विद्युतदाब देतात आणि त्वचेतून वीज किती सहज वाहते ते बघतात. तळहातावरच्या घामाच्या ग्रंथी सिम्पथेटिक मज्जासंस्थेच्या, म्हणजे धोका जाणवला की शरीराला आपोआप सज्ज करणाऱ्या नसांच्या, ताब्यात असतात, त्यामुळे मन दचकलं की साधारण एक ते तीन सेकंदांत रेषा वर चढते. पण ती कशाने चढली हे रेषा सांगत नाही. आमच्या खोलीच्या मागे मेस होती. चाचणीच्या दिवसांत मी स्वतःच्या बोटांना वायरी लावून बसले होते, समोर पडद्यावर एका खुर्चीचं साधं चित्र होतं, आणि रेषा एकदम डोंगरासारखी वर गेली. सरांनी विचारलं, "खुर्चीची एवढी भीती?" मागे कुकरची शिट्टी झाली होती! त्या दिवसापासून मेसच्या मावशींना वेळ विचारूनच आम्ही प्रयोग लावायचो. काही माणसांची रेषा तर मुळातच सपाट असते, काहीही दाखवा. थंड हात, घाम कमी करणारी औषधं, यानेही फरक पडतो. तेव्हा एका मुलीच्या एका दिवसाच्या रेषेवरून तिच्याबद्दल निकाल द्यायला तो काही तापमापक नाही.

आता गंमत अशी की बहिणीच्या बाबतीत जे घडलं ते या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक असलेलं कोडं आहे. अमेरिकेत कॅथरीन ग्लेन, डेव्हिड क्लोन्स्की वगैरेंनी २०११ साली एक अभ्यास छापला. त्यात घामाऐवजी दचकणं मोजलं होतं: अप्रिय चित्र बघताना कानात अचानक मोठा आवाज सोडायचा आणि डोळ्याखालच्या स्नायूवर इलेक्ट्रोड लावून पापणी किती जोरात मिटते ते नोंदायचं. स्वतःला इजा करून घेणाऱ्यांनी कागदावर लिहिलं की आमच्या भावना फार लवकर आणि फार जोरात उसळतात. पापण्यांनी मात्र इजा करून घेणारे आणि न घेणारे या दोन्ही गटांत फरक दाखवला नाही.

यावरून 'ही मंडळी अतिशयोक्ती करतात' असा अर्थ काढायचा मोह होतो. थांबा. त्याच्या तीन वर्षं आधी, २००८ मध्ये, मॅथ्यू नॉक आणि वेंडी मेंडीस यांनी किशोरवयीन मुलांना चित्रं न दाखवता पत्ते लावायला दिले होते. नियम न सांगता पत्ते जुळवायचे आणि प्रत्येक वेळी 'बरोबर' किंवा 'चूक' असं उत्तर मिळणार. मेख अशी की काहीही केलं तरी बहुतेक वेळा 'चूक' हेच उत्तर यायचं, ते आधीच ठरवलेलं होतं. तिथे इजा करून घेणाऱ्या मुलांच्या घामाची रेषा इतरांपेक्षा जास्त चढली आणि त्यांनी काम लवकर सोडलं.

मला स्वतःला हा फरक अगदी समजण्यासारखा वाटतो. पडद्यावरचा साप कोणाचाच नसतो. 'तू चुकलीस, परत चुकलीस' हे मात्र थेट आपल्याला लागतं. तुमच्या बहिणीला सापाची चित्रं दाखवून तिच्या मनातली जखम शोधत असतील, तर ती न सापडण्यात तिचा काय दोष?

शिवाय शरीराचे सगळे मापक एकाच दिशेने बोलत नाहीत. ट्रायर नावाच्या जर्मन शहराच्या नावाने १९९३ पासून एक ताणाची चाचणी वापरतात. गंभीर चेहऱ्याच्या परीक्षकांसमोर भाषण करायचं, मग १०२२ मधून १३-१३ वजा करत जायचं. १००९, ९९६, ९८३... चुकलात की परत १०२२ पासून. आधी आणि नंतर लाळ घेऊन त्यातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणात वाढणारं संप्रेरक, बघतात. मिखाएल केस यांच्या हायडेलबर्गच्या गटाला २०१२ मध्ये आढळलं की इजा करून घेणाऱ्या किशोरवयीन मुलींमध्ये कॉर्टिसॉल अपेक्षेपेक्षा कमी वाढलं. म्हणजे एका मापकात जास्त, दुसऱ्यात सारखं, तिसऱ्यात कमी. यातलं 'खरं' कुठलं हे विचारण्यात अर्थ नाही. घाम सेकंदात बोलतो, कॉर्टिसॉल पंधरा-वीस मिनिटांनी, आणि माणूस स्वतः जे सांगतो त्यात त्याची आठवण, शरम, भाषा सगळं मिसळलेलं असतं.

भाषेवरून आठवलं. भावना मोजायची सर्वांत चलनी यादी म्हणजे पॅनास, १९८८ ची. वीस शब्द, दहा सुखाचे आणि दहा दुःखाचे, प्रत्येकाला १ ते ५ गुण. आम्ही ती आमच्या कामापुरती मराठीत आणायला बसलो आणि पहिल्याच दिवशी अडलो. त्यात 'स्केअर्ड' वेगळा आणि 'अफ्रेड' वेगळा. दोघांनाही 'घाबरलेली'? 'अपसेट'ला अस्वस्थ म्हटलं तर 'जिटरी'ला काय म्हणायचं? शेवटी कोश बघून काहीतरी जमवलं. चाचणीसाठी बसलेल्या एका मुलीने यादी वाचली आणि म्हणाली, "ताई, यातलं काहीच नाही. नुसतं कसंतरी होतं. छातीत गच्च." मी विचारलं, १ ते ५ मध्ये? ती माझ्याकडे बघतच राहिली. छातीत गच्च, पोटात खड्डा, डोकं सुन्न, जीवाची नुसती तगमग... आपण भावना शरीराच्या पत्त्यावरच सांगतो, आणि यादीत मात्र विशेषणं. तिने शेवटी सगळीकडे ३ लिहिलं. तो ३ आमच्या तक्त्यात व्यवस्थित बसला. मला तो आजही खटकतो.

प्रयोगशाळेबाहेरची पद्धत मला जास्त पटते. दिवसातून काही वेळा मोबाइल वाजतो, 'आत्ता कसं वाटतंय' विचारतो, तिथल्या तिथे उत्तर द्यायचं. नॉक यांनीच २००९ मध्ये तीस तरुण मुलामुलींना चौदा दिवस हातातलं छोटं यंत्र देऊन असा अभ्यास केला होता. महिन्याभराने आठवून लिहिण्यापेक्षा हे केव्हाही बरं. अशा बऱ्याच अभ्यासांत दिसतं की स्वतःला इजा करून घेण्याआधी वाईट भावना चढत गेलेल्या असतात. म्हणजे मुळात असह्य काहीतरी होतं, नाटक नव्हतं. एक भोक याही जाळ्याला आहेच. ज्या क्षणी सगळ्यात वाईट वाटत असतं, नेमका त्याच क्षणी फोन कोणी हातात घेत नाही. रिकामी जागाच कधीकधी सगळ्यात मोठं उत्तर असते, आणि ती मोजता येत नाही.

तुम्ही शेवटी विचारलंय की अशा प्रश्नांनीच तिला परत त्रास होईल का. यावरही अभ्यास झालेत, म्हणजे सहभागी व्यक्तींचीच प्रतिक्रिया मोजणारे: आधी मनःस्थिती कशी, नंतर कशी, इजा करून घेण्याची इच्छा वाढली का. एकूणात नुसतं विचारल्याने धोका वाढताना दिसत नाही, उलट कोणीतरी विचारलं याचं बरं वाटल्याचं अनेक जण सांगतात. पण काहींना त्रास होतो, आणि त्यांच्यासाठीच प्रयोगानंतर बसून बोलायचं असतं. आम्ही शेवटी एखादी हलकीफुलकी क्लिप दाखवायचो, चहा व्हायचा, आणि आधीचा-नंतरचा आकडा जुळल्याशिवाय कोणाला एकटं सोडायचो नाही. बहिणीच्या बाबतीत हा भाग राहिलाय असं दिसतं.

तेव्हा दोन गोष्टी करा. तिला संमतिपत्राची एक प्रत मिळालेली असेल, तिच्यावर प्रमुख संशोधकाचा आणि बहुधा नैतिकता समितीचाही संपर्क असतो. तिची तयारी असेल तर झालेला प्रकार तिथे कळवा. अभ्यासातून बाहेर पडते असंही ती सांगू शकते, कारण द्यावं लागत नाही; आपली माहिती काढून टाका अशी विनंतीही करता येते. आणि रात्री-अपरात्री तिला किंवा तुम्हाला कोणाशी बोलावंसं वाटलं तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलतात. स्वतःला इजा करण्याचं परत मनात येतंय असं ती म्हणाली, तर मात्र संशोधन वगैरे विसरा, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ गाठा. आणि तिथे ती ९ म्हणाली तर ९ च लिहून घ्यायला सांगा.