आधी एक पावसाळा

नेरूळ, रविवार रात्र

बाळा,

तू गेल्यावर कप तसेच मोरीत ठेवले आणि लिहायला बसले. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू "हो काकू, हो काकू" म्हणतेस आणि तुझं लक्ष दुसरीकडे असतं. कागद मात्र तू नीट वाचतेस. नौपाड्याच्या आमच्या घरी यायचीस तेव्हा दिवाळी अंकातल्या जाहिरातीसुद्धा वाचून काढायचीस.

तुझा तक्ता मी दोनदा पाहिला. आईबाबांचं ठाण्यातलं कोपरीचं घर विकायचं आणि त्या पैशांत तीन पर्याय: कासारवडवलीच्या पुढे टॉवरमधला वन बीएचके, कर्जतजवळचं रो हाऊस, नाहीतर गुहागरला बाबांच्या वाटणीला आलेलं घर दुरुस्त करून तिथे राहणं. प्रत्येकापुढे किंमत, मेंटेनन्स, स्टेशन किती लांब, हॉस्पिटल किती लांब. कर्जतच्या रकान्यात हॉस्पिटलपुढे तू लिहिलंयस, '११ किमी, २५ मिनिटं'.

कुठल्या महिन्यात गं?

दुपारी हा एकच प्रश्न विचारायचा होता. पण तुझे बाबा निवृत्तीनंतर बागेत काय काय लावणार ते इतक्या आनंदाने सांगत होते की मी तोंड उघडलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आमच्या घरात पाहिलं आहे, म्हणूनच झोप येत नाहीये.

मला एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती मी या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे. विकण्याआधी तिथे एक पावसाळा भाड्याने राहायचं. जूनच्या पहिल्या आठवड्यापासून घट बसेपर्यंत, सलग. शनिवार-रविवार जाऊन येणं म्हणजे राहणं नव्हे. मग काय ते ठरवायचं.

आमची गोष्ट तुला अर्धीच माहीत आहे. काका निवृत्त झाले आणि २०१४ साली आम्ही नौपाड्याचं घर ६२ लाखांना विकलं. नेरळ आणि कर्जतच्या मधे, उल्हास नदीपासून जरा उंचावर, बंगल्यांच्या एका स्कीममध्ये ३१ लाखांना घर घेतलं. उरलेले बँकेत ठेवले. तेव्हा ज्येष्ठांना ठेवीवर नऊ टक्क्यांच्या आसपास व्याज मिळत होतं, काकांची पेन्शन होती, भाजी दारात. लोक म्हणतात आम्ही भुललो. नाही. मी स्वतः तीन रात्री वही घेऊन बसले होते आणि त्या वहीत बेरजेची एकही चूक नाही, आजही काढून दाखवते. जागा आम्ही चार वेळा पाहिली. पहिल्यांदा नोव्हेंबरमध्ये, मग डिसेंबरमध्ये, मग जानेवारीत दोनदा. प्रत्येक वेळी ऊन कोवळं होतं आणि नदीत मुलं पोहत होती.

पहिली काही वर्षं चांगली गेली, ते नाकारणार नाही. काकांनी अकरा आंबे लावले. पावसाळ्यात वीज दोन-दोन दिवस जायची, विजेअभावी बोअरवेलचा पंप बंद, पायरीवर घोणस निघायची. या गोष्टींची माणूस सवय करून घेतो. स्कीमकडे येणाऱ्या रस्त्यावर एक साकव, म्हणजे छोटा पूल, होता. जोराचा पाऊस झाला की तो पाण्याखाली जायचा, तीन-चार तासांनी मोकळा व्हायचा. त्याचीही सवय करून घेतली.

२६ जुलै २०१९ च्या रात्री जो पाऊस सुरू झाला तो दुसऱ्या दिवशीही थांबेना. पहाटे तीनच्या सुमारास काका बाथरूमला जाताना पडले. बोलता येईना, उजवा हात उचलेना. डॉक्टरांना फोन लागला. ते म्हणाले, मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन द्यायचं तर साडेचार तासांच्या आत इथे आणा. घड्याळ मी तेव्हा पाहिलं, तीन वाजून वीस मिनिटं. अ‍ॅम्ब्युलन्स निघायला तयार होती, पण येणार कुठून? साकव पाण्याखाली, पुढचा रस्ता पाण्याखाली. त्याच सकाळी बदलापूर आणि वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकून उभी होती. हजारावर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढलं, तुला बातम्यांतून आठवत असेल. आमच्याकडे वीज नव्हती, आम्हाला ते नंतर कळलं. घरात पाण्याचा थेंब आला नव्हता. घर अगदी सुरक्षित होतं. आम्ही हॉस्पिटलात पोचलो तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते.

त्यानंतर काका तीन वर्षं होते. उजवी बाजू आणि बोलणं परत आलं नाही.

सगळं एका पावसाळ्यात कळलं असतं. आम्ही २०१४ चे चार महिने तिथे भाड्याने राहिलो असतो तरी तो साकव दोनदा बुडालेला पाहिला असता आणि नौपाड्याचं घर आमचंच राहिलं असतं.

आता तू म्हणशील, काकू, कर्जत यादीतून काढते, पण टॉवर तर शहरात आहे. घोडबंदर रोड शहरात आहे हे मलाही माहीत आहे. तिथे पुरातून बाहेर काढायला बोट लागणार नाही. पण ऑगस्टमध्ये सकाळी नऊ वाजता कासारवडवलीहून ठाणे स्टेशनला यायला किती वेळ लागतो ते आईबाबांनी आपल्या अंगाने अनुभवायला हवं, कारण तुझ्या आईचे गुडघ्याचे डॉक्टर नौपाड्यात आहेत आणि ते ती बदलणार नाही. बाविसाव्या मजल्यावर राहताना वीज गेली तर लिफ्ट जनरेटरवर चालते की नाही, टँकर आठवड्याला किती येतात आणि त्याचे पैसे मेंटेनन्समध्ये धरलेत की वेगळे, पश्चिमेच्या भिंतीला ओल कुठपर्यंत चढते, हे ब्रोकर सांगत नाही. तिथे राहणारी बाई सांगते, आणि तीही ओळख झाल्यावर.

गुहागरबद्दल तर मला कठोर व्हावंच लागेल. माहेरच्या ओढीसारखी बाबांना त्या घराची ओढ आहे, मी समजते. पण मोठं हॉस्पिटल म्हणजे चिपळूण, चाळीसहून जास्त किलोमीटर. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीच्या पुराने ते चिपळूणच पाण्याखाली गेलं होतं. शिवाय सातबारावर बाबांच्या नावाखेरीज आणखी कुणाकुणाची नावं आहेत ते तू तक्त्यात लिहिलेलं नाहीस. दुरुस्तीला हात घालण्याआधी ते बघ. गावी चार महिने राहायला तर भाडंसुद्धा लागणार नाही, मग यंदाचा पावसाळा तिथे काढून बघायला हरकत काय आहे?

पैसे वाया जातील, असं तू दुपारी दोनदा म्हणालीस. ते कसे, तूच हिशेब कर. ८० लाखांचं घर ठाण्यात घ्यायचं तर मुद्रांक शुल्क सहा-सात टक्के, त्यावर ३०,००० पर्यंत नोंदणी फी. म्हणजे सही करतानाच पाच लाखांच्या वर गेले, आणि घर चुकलं तर ते परत मिळत नाहीत. लिव्ह अँड लायसन्सला, म्हणजे भाड्याच्या कराराला, एकूण भाड्याच्या पाव टक्का स्टॅम्प आणि शहरात १,००० रुपये नोंदणी. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने हा करार लेखी आणि नोंदलेलाच हवा, तेव्हा 'नोंदणी कशाला, आपलेच आहात' असं म्हणणाऱ्या मालकाचं घर घ्यायचंच नाही. आणि कोपरीचं घर तोवर रिकामं ठेवू नका. स्टेशनपासून पायी दहा मिनिटांवर आहे, लिफ्ट नसली तरी तिसऱ्या मजल्यावर नोकरी करणारी मुलं हसत राहतील. एका भाड्यातून दुसरं भाडं निघेल. तुमच्या बिल्डिंगला तीस वर्षं उलटून गेली आहेत, म्हणून तिथे भाडेकरू ठेवण्याआधी सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा रिपोर्ट माग. रिपोर्ट वाईट असेल तर सगळा विचारच वेगळा होईल आणि तो लवकर झालेला बरा. पुनर्विकासाची बोलणी चालू असतील तर घाईने विकणारा सगळ्यात जास्त गमावतो, हेही बाबांना सांग.

तुझ्या दादाचं म्हणणं मला मुळीच पटलं नाही. 'घर माझ्या नावावर करून द्या, मी पुण्याला तुम्हाला बघतो.' दादा वाईट नाही, मी त्याला कडेवर घेतलेलं आहे. पण आईबाबांचं घर त्यांच्या हयातीत त्यांच्याच नावावर राहील. बक्षीसपत्र करायचंच झालं तर त्यात सांभाळण्याची अट स्पष्ट लिहून घ्यायची. ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ साली जो कायदा झाला त्याचं कलम २३ अशा अटीसाठीच आहे. अट मोडली तर ते बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं. आणि सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर नॉमिनी लावला म्हणजे झालं असं समजू नका, नॉमिनी मालक होत नाही. मृत्युपत्र करा. या विषयावर मी आणखी लिहिणार नाही, वकिलाकडे जा.

स्वस्त मिळतंय म्हणून कागद नसलेल्या इमारतीकडे तर बघायचंही नाही, भाड्यानेसुद्धा नाही. शिळफाट्याजवळ ४ एप्रिल २०१३ ला जी बेकायदा इमारत कोसळली तिच्यात ७४ माणसं गेली. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे तुमची ओसी, पाहिल्याशिवाय पुढे बोलणं नाही. इकडे नवी मुंबईत घेतलंत तर आणखी एक: सिडकोची, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची, जमीन बहुतेक ठिकाणी भाडेपट्ट्याची असते, तिथे घर नावावर करताना सिडकोची परवानगी आणि हस्तांतरण शुल्क लागू शकतं. त्याचा खर्च आधी विचारा.

मी इथे नेरूळला कशी आले ते सांगते. बंगला तोट्यात गेला. ठेवींचं व्याज तोवर सहाच्या आसपास उतरलेलं, आणि नौपाड्यात परत घर घेणं आमच्या आवाक्याबाहेर गेलेलं. म्हणून भाड्याने आलो. स्टेशन पायी सात मिनिटं, भाजी खाली, दवाखाना दोन गल्ल्या सोडून, पाणी मोरबे धरणाचं. काकांची खुर्ची लिफ्टमध्ये बसायची, हे मी मोजून घेतलं होतं. पहिल्या जुलैत गच्चीखालच्या खोलीत ओल आली, तेव्हा मालकाला कळवून त्याच बिल्डिंगमध्ये दोन मजले खाली आलो. विकत घेतलेलं असतं तर बादली लावून बसलो असतो. मुलगा बंगळुरूहून दर दोन महिन्यांनी म्हणतो, आई, या वयात भाड्याचं घर? माझ्याकडे चल. मी हट्टी आहे असं तो सुनेला सांगतो. असेन. मला इथे हाक मारली तर तीन दारं उघडतात, आणि ती मी तीन पावसाळ्यांत तपासून घेतली आहेत. सत्तरीनंतर मिळणारं ५ लाखांच्या उपचारांचं सरकारी कार्ड माझ्याकडे आहे. चांगलं आहे. पण ते घेऊन हॉस्पिटलपर्यंत पोचायचं माणसालाच असतं.

आता एक गोष्ट, जी मी मुलालाही सांगितलेली नाही. भाड्याने राहून बघायची कल्पना माझी नव्हती. २०१४ च्या मार्चमध्ये काका म्हणाले होते, "घाई नको, एक वर्ष तिथे भाड्याने राहू, नौपाडा बंद करून ठेवू." मी म्हणाले, भाडं म्हणजे पाण्यात घातलेले पैसे. चाळीत वाढलेली मी, आईने आयुष्यभर भाड्याच्या पावत्या डब्यात जपलेल्या पाहिल्या होत्या. मला स्वतःच्या नावाची पाटी हवी होती, आणि तीही लगेच. काकांनी पुन्हा विषय काढला नाही. ते वाद घालणारे नव्हते. पुढे बोलणं गेल्यावर तर ते मला कधीच काही म्हणू शकले नाहीत, आणि कधी कधी वाटतं, म्हणाले असते तर बरं झालं असतं.

म्हणून तुला एवढं टोचून लिहिते आहे. बाबा आज जे उत्साहाने बोलत होते तसं मी बोलत होते. गप्प बसलेली तुझी आई होती. तिला एकटीला विचार, तिला काय वाटतं. आणि ती 'तुम्ही ठरवाल ते' म्हणाली तर तिथेच थांबू नकोस.

बाबा मेअखेर मोकळे होतील. जून दारातच आहे, घरं आत्ताच बघायला हवीत. आमच्या शेजारच्या विंगमध्ये दुसऱ्या मजल्यावरचा वन बीएचके १ जूनपासून रिकामा होतोय, लिफ्ट आहे, मालकीणबाई सरळ आहेत, करार नोंदवतात. नेरूळ तुझ्या तक्त्यात नाही हे मला ठाऊक आहे; पण ऐरोलीहून तुला गाडी बदलावी लागत नाही आणि आईला ठाण्याच्या डॉक्टरांकडे थेट लोकल आहे. बाबांना कर्जतच हवं असेल तर कर्जतला भाड्याने बघा, पण या जूनपासून. कोपरीच्या घराचं टोकन कुणाकडूनही घेऊ नका. तो एजंट मंगळवारी येणार म्हणालीस ना, त्याला फोन करून सप्टेंबरनंतर ये म्हणून सांग.

शनिवारी चारला आईला घेऊन ये, तिला दुसऱ्या मजल्यावरची जागा दाखवते. छत्री विसरली आहेस, ती दाराशी ठेवली आहे.

तुझी,
काकू