तारा, सूर आणि तक्रारी

प्रश्न : गणपतीत ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतो. जॅझ पद्धतीचा, दोन पिकअपांचा (तारांखालचे, सूर टिपणारे चुंबक-कॉइल). पुढचा एकटा ठेवला की घूंऽऽ अशी घरघर. दुकानदार म्हणाला, अ‍ॅक्टिव्ह पिकअप घाला. घालू का, सर?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : थांबा की जरा! दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडून बघा. घरघर गेली? मग पिकअप ठणठणीत आहेत. या जोडीत दोघांच्या कॉइलची गुंडाळणी आणि चुंबकाची दिशा उलट असते, म्हणून एकत्र वाजताना एकाची घरघर दुसरा खोडतो. एकटा वाजला की ती उघडी पडते. फेंडर कंपनीने १९५७ साली प्रिसिजन बेसचा पिकअप दुभागला, तो याच युक्तीने.

पिकअपखालच्या, लाकडातल्या खाचेला तांब्याची चिकटपट्टी लावून ग्राउंडला जोडा. ट्यूबलाइटची चरचर कमी होईल. ट्रान्सफॉर्मरची घूं मात्र राहील. ती नकोच असेल तर त्याच मापाचा, घरघर खोडणारा दुहेरी कॉइलचा पिकअप घ्या. माप पट्टीने घ्या हं! बऱ्याच जॅझ बेसमध्ये ब्रिजकडचा (तारा अडकवतात त्या टोकाचा) पिकअप किंचित लांब असतो. अ‍ॅक्टिव्हला बॅटरी लागते, ती आरतीनंतरच्या पहिल्याच गाण्यात संपते, असा माझा तरी समज आहे.

आवाज बारीक वाटत असेल तर आधी पिकअपची उंची बघा. शेवटचा फ्रेट दाबून तार आणि पिकअपमध्ये अडीच मिलिमीटरच्या आसपास अंतर ठेवा. फार जवळ नेलात तर चुंबक तार ओढतो, सूर डगमगतो.

आणि मंडपात तारांना हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर वाजवू नका. आधी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासा.