वाचक विचारतात: टर्बो बदलायच्या आधी पाइप बघा

प्रश्न: माझी जुनी टर्बो डिझेल हॅचबॅक पुण्याहून साताऱ्याला येताना खंबाटकी चढताना एकदम गळपटते, चेक इंजिनचा दिवा लागतो, बाजूला घेऊन बंद-चालू केली की परत नीट पळते. स्कॅनरवर पी०२९९ हा फॉल्ट कोड येतो. गॅरेजवाले म्हणतात टर्बो बदला, आणि मॅप सेन्सरपण (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) गेलाय कारण इंजिन बंद असताना तो १०० च्या जागी ९३ दाखवतोय. काय करू?

उत्तर: थांबा, एवढ्यात पैसे काढू नका. पी०२९९ म्हणजे इसीएमने (इंजिनचा कॉम्प्युटर) मागितला तेवढा बूस्ट, म्हणजे टर्बोने दाबून भरलेल्या हवेचा दाब, मिळाला नाही, बस्स, टर्बो गेला असं त्यात कुठंच लिहिलेलं नसतं. आणि सेन्सर बिचारा बरोबर सांगतोय हो! तो बाहेरच्या हवेचा दाब धरून मोजतो, मुंबईत १०१ किलोपास्कलच्या आसपास दिसेल पण सातारा पडला उंचावर, तिथं ९३ च यायला पाहिजे. फारतर काढून बघा, ईजीआरच्या (थोडा एक्झॉस्ट परत इंजिनात सोडणारी यंत्रणा) काजळीने तोंड बुजलं असेल तर काँटॅक्ट क्लीनर मारा, तार घालून टोकरू नका.

आता खरा संशय. तुमच्या टर्बोचा ॲक्चुएटर (रॉड हलवून बूस्ट कमी-जास्त करणारा डबा) व्हॅक्यूमवर चालणारा असेल (इलेक्ट्रिक असेल तर हे सोडा) तर व्हॅक्यूम पंपापासून सोलेनॉइडला (व्हॅक्यूम सोडणारा-रोखणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) आणि तिथून ॲक्चुएटरला बारीक रबरी पाइप जातात, ते उष्णतेने टोकाशी चिरतात, आणि गाडी थंड असताना सगळं ठीक वाटतं, घाटात तापलं की लीक सुरू. इंजिन चालू करताना कुणालातरी ॲक्चुएटरच्या रॉडवर नजर ठेवायला सांगा, बहुतेक गाड्यांत तो आत ओढला जातो आणि बंद केल्यावर परत येतो. हललाच नाही किंवा अर्धवट हलला तर हँड व्हॅक्यूम पंप थेट ॲक्चुएटरला लावा, पंपाचा काटा टिकला आणि रॉड सरकला तर डायफ्राम (ॲक्चुएटरमधला पडदा) चांगला, मग दोष पाइपात नाहीतर सोलेनॉइडमध्ये. रॉडच जाम असेल तर मात्र गॅरेजवाल्यांचं थोडं ऐकावं लागेल. पाइप बदलताना फिश टँकची नळी लावू नका, लोक लावतात, ती तापून मऊ पडते आणि व्हॅक्यूमने चपटी होते. सोलेनॉइडवरचे पाइप काढायच्या आधी फोटो काढा, अदलाबदल झाली की नवीनच खेळ.

घाटात काळा धूर आणि सुस्स आवाज येत असेल तर इंटरकूलरचे (टर्बोकडून येणारी हवा थंड करणारा) होज, क्लिप तपासा, लीक असेल तिथं तेलकट धूळ चिकटलेली दिसते.

प्रश्न: टर्बो पेट्रोलला बूस्ट गेज लावून घेतला, तेव्हापासून जोरात पळवली की पी०२३४ येतो.

उत्तर: गेजचा टी-जॉइंट वेस्टगेटच्या (बूस्ट हद्दीत ठेवायला जादा एक्झॉस्ट बाजूने सोडणारी झडप) पाइपात मारलाय का ते बघा. तिथं लीक असेल तर वेस्टगेटपर्यंत पुरता दाब पोचत नाही, तो उशिरा उघडतो आणि बूस्ट जास्त होतो, पी०२३४ म्हणजे तेच. गेजचं कनेक्शन इनटेक मॅनिफोल्डवरून घ्या, वेस्टगेटचा पाइप अखंड नवीन टाका, आणि तोपर्यंत जोरात पळवू नका.