वसई तालुक्यातल्या माझ्या गावाचा कॅथलिक इतिहास शोधायचा आहे, सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की इतिहासाच्या पदवीचं शेवटचं वर्ष आहे, गाव वसईच्या पश्चिम पट्ट्यातलं आहे, प्रकल्प गावातल्या कॅथलिक धर्मावर करायचा आहे आणि नेटवर शोधलं की किल्ला, पोर्तुगीज आणि चिमाजीअप्पा एवढंच पुन्हापुन्हा समोर येतं. मी त्याच पट्ट्यातली. तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला आणि निवृत्तीनंतर एका चर्चमधल्या जुन्या नोंदवह्यांची यादी करायला फादरांना मदत केली. त्यात केलेल्या चुकांसकट सांगते.

पहिली गोष्ट, किल्ला सध्या बाजूला ठेवा. किल्ल्यात पोर्तुगीज राहायचे, तुमचे पूर्वज नव्हे. तुमचे पूर्वज वाडीत होते, मिठागरावर होते, होडीवर होते. त्यांचा माग किल्ल्याच्या दगडांत कमी आणि धर्मग्रामाच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावांच्या, कपाटात जास्त सापडतो.

पण कपाटापर्यंत जाण्याआधी एक साखळी वहीत लिहून घ्या, कारण ती माहीत नसल्यामुळे माझं एक वर्ष फुकट गेलं. आपल्या गावांवर कोणत्या बिशपांचा अधिकार कधी होता? पोर्तुगीज काळापासून गोव्याच्या आर्चबिशपांचा. १८८६ मध्ये दमणचा वेगळा धर्मप्रांत झाला, तेव्हा वसई त्यात गेली. १९२८ मध्ये तो मोडला आणि इथली चर्चेस मुंबईच्या आर्चडायोसिसला, म्हणजे आर्चबिशपांच्या धर्मप्रांताला, जोडली गेली. वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला तो थेट १९९८ च्या मे महिन्यात. म्हणजे तुमच्या गावाचा १८५० चा कागद हवा असेल तर वसईच्या बिशप हाऊसमध्ये तो असायचं काही कारणच नाही, तो गोव्याच्या वाटेवर शोधायचा. मी मात्र मुंबईत चकरा मारत बसले. मुंबई शहराची गोष्ट तर आणखीनच निराळी. तिथे इंग्रजांनी १७२० मध्ये गोव्याच्या अखत्यारीतले पाद्री काढून कार्मेलाइट संघाचे पाद्री आणले, आणि पुढे गोव्याचा आणि कार्मेलाइटांचा अशा दोन पक्षांची भांडणं शंभर-दीडशे वर्षं चालली. आपण तेव्हा पोर्तुगालच्या राजाच्या आश्रयाखालच्या व्यवस्थेत होतो, तिला ‘पाद्रोआदो’ म्हणतात. हा शब्द जुन्या कागदांत सारखा भेटेल.

आता नोंदवह्या. बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू अशा तीन वेगळ्या वह्या असतात. मला हाताळायला मिळालेली सर्वात जुनी वही एकोणिसाव्या शतकातली होती, पोर्तुगीजमध्ये. भाषेला घाबरू नका. नोंदीचा साचा ठरलेला असतो आणि पंधरा-वीस शब्द पाठ केले की पानं वाचता येतात. ‘फिल्यो’ म्हणजे मुलगा, ‘फिल्या’ मुलगी, ‘पाद्रिन्यो’ आणि ‘माद्रिन्या’ म्हणजे धर्मबाप आणि धर्ममाय, ‘व्हियुव्हा’ विधवा, ‘आल्देया’ गाव. अक्षर मात्र प्रत्येक पाद्रींचं वेगळं. एकाचं वळण कळायला लागतं तोवर त्यांची बदली होते.

आडनावांवरून नातं जोडू नका. ही माझी सर्वात मोठी फजिती. आमच्या आळीतली लोपीस आणि शेजारच्या गावातली लोपीस ही एकाच मूळ पुरुषाची माणसं, असं धरून मी मोठ्या हौसेने वंशवृक्ष काढला, रंगीत पेनांनी, फळ्यावर लावता येईल एवढा. तो आईला दाखवला. तिने चष्मा लावून वरपासून खालपर्यंत बघितला आणि म्हणाली, “अगं, ते वाडवळ, आपण सामवेदी. यांच्यात आणि आपल्यात सोयरीक तरी कधी झाली होती का?” वाडवळ आणि सामवेदी या आपल्याकडच्या दोन वेगळ्या जाती. परेरा, डिमेलो, घोन्सालवीस, रॉड्रिग्ज ही नावं बाप्तिस्म्याच्या वेळी मिळालेली. कधी धर्मबापाचं नाव दिलं जायचं, कधी पाद्रींचं. दोन अनोळखी कुटुंबांना एकच नाव आणि दोन सख्ख्या भावांच्या घराण्यांना दोन नावं, दोन्ही शक्य आहे. खरा धागा घराच्या जुन्या टोपणनावात, आळीच्या नावात आणि लग्न कुणात होतं यात असतो. मृत्यूच्या वहीत गावाचं नाव असतं, बाप्तिस्म्याच्या वहीत धर्मबाप कुठला ते असतं. या दोन्ही जुळवल्या की आडनावाशिवायही कुटुंब उभं राहतं.

हाच मुद्दा पुढे नेला तर तुमच्या प्रकल्पाचा गाभा सापडेल, असं माझं मत आहे. आपल्याकडे धर्म बदलला, पण जात आणि भाषा पुष्कळशी तशीच राहिली. सामवेदी ख्रिस्ती आणि सामवेदी ब्राह्मण शेजारशेजारच्या गावांत राहतात आणि दोघांच्याही घरात कादोडी ही त्यांची बोलीच बोलली जाते. वाडवळ ख्रिस्ती आहेत तसे वाडवळ हिंदूही आहेत. कोळीवाड्यांतही तेच. म्हणून मुलाखती फक्त चर्चच्या आवारातल्या माणसांच्या घेऊ नका. तुमच्याच जातीच्या हिंदू घरातल्या एका आजीला लग्नातले विधी विचारा आणि मग तुमच्या आजीला तेच विचारा. दोन्ही उत्तरं पानावर समोरासमोर मांडली की धर्मांतराने काय बदललं आणि काय नाही, हे तुम्हाला कुठल्याही पुस्तकापेक्षा स्वच्छ दिसेल. मुंबई-साष्टीकडच्या ख्रिस्ती लोकांनी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं, गोव्या-मंगळूरहून नोकरीला येणाऱ्या ख्रिस्ती मंडळींपासून आपण वेगळे आहोत हे दाखवायला. आमच्या आईला कुणी ईस्ट इंडियन म्हटलं असतं तर तिने आधी मागे वळून बघितलं असतं की हा कोणाशी बोलतोय.

धर्मांतर कसं झालं, हा प्रश्न मार्गदर्शक विचारतीलच. गुजरातचा सुलतान बहादूरशहाने १५३४ च्या डिसेंबरात वसई पोर्तुगीजांना दिली. त्यामागोमाग फ्रान्सिस्कन संघाचे साधू आले, त्यांतले आंतोनियो दो पोर्तो हे नाव इथल्या सुरुवातीच्या चर्चेसशी जोडलेलं आहे. १५४८ पासून जेझुइट संघाचे पाद्री आले, फ्रान्सिस झेवियर स्वतः वसईला येऊन गेले. देवळं पाडली गेली, अनाथ मुलं ताब्यात घेण्याचे हुकूम निघाले, हे खरं आहे आणि ते लिहायला कचरू नका. त्याच वेळी गावंच्या गावं, जातीच्या जाती एकत्र आल्या आणि नंतर सत्ता गेली तरी बहुतांशी तिथेच राहिल्या, हेही खरं आहे. ‘जबरदस्ती’ किंवा ‘श्रद्धा’ या एका शब्दात उत्तर देणाऱ्या दोन्ही बाजूंची माणसं तुम्हाला भेटतील. दोघांनाही चहा पाजा आणि विचारा, तुमच्या घराण्यात हे नेमकं कोणाच्या वेळी झालं? बहुतेक वेळा तिथे संभाषण थांबतं.

आणि ख्रिस्ती धर्म इथे पोर्तुगीजांबरोबरच आला, असंही समजू नका. १३२१ मध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले. त्यांच्याबरोबर निघालेला जॉर्डानस नावाचा डॉमिनिकन संघाचा फ्रेंच साधू त्या वेळी बाहेर गेला होता म्हणून वाचला. त्याने ते देह आणून सोपाऱ्याला पुरले, तिथे तेव्हा सेंट थॉमसच्या नावाचं चर्च होतं असं त्याच्या पत्रांतून कळतं. सोपारा म्हणजे आपलंच नालासोपारा, आज जिथे लोकलला लटकून जावं लागतं ते. पुढे ओडोरिक नावाचा प्रवासी त्या अस्थी चीनला घेऊन गेला. ठाण्यात तेव्हा नेस्टोरियन, म्हणजे पूर्वेकडच्या एका जुन्या पंथाची, ख्रिस्ती घरं होती, असं तोही लिहितो. त्या घरांचा आणि आजच्या आपल्या गावांचा थेट संबंध कोणी सिद्ध केलेला नाही, तेव्हा प्रस्तावनेत एक परिच्छेद द्या आणि पुढे जा. त्यात रमलात तर प्रकल्प पुढच्या वर्षीही संपणार नाही.

तुम्हाला खरोखर काही नवं लिहायचं असेल तर १७३९ ते १८१८ हा काळ घ्या. मे १७३९ मध्ये वसई मराठ्यांच्या हाती पडली, पोर्तुगीज आणि त्यांचे युरोपीय पाद्री निघून गेले. मागे राहिले गावातले ख्रिस्ती आणि देशी धर्मगुरू. पेशव्यांच्या राज्यात ऐंशीएक वर्षं हे लोक मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) ऐकत राहिले, चर्चेस दुरुस्त करत राहिले, सारा भरत राहिले. कसे? याची उत्तरं दोन ठिकाणी विखुरलेली आहेत. पुण्याच्या पुराभिलेखागारातलं पेशवे दप्तर मोडीत आहे, गोव्याच्या चर्चचे कागद पोर्तुगीजमध्ये. मोडी येणाऱ्याला पोर्तुगीज येत नाही आणि उलटही, त्यामुळे हा काळ वसईच्या इतिहासात दोन ओळींत उरकला जातो. तुमच्या हातात एकच वर्ष आहे, तेव्हा दोन्ही भाषा शिका असं म्हणत नाही. पण इतिहासकार गो. स. सरदेसायांनी संपादित केलेले पेशवे दप्तराचे छापील खंड पंचेचाळीस आहेत, मोठ्या ग्रंथालयांत मिळतात, देवनागरीत आहेत. त्यांत वसई, आगाशी, अर्नाळा ही नावं शोधायला फक्त चिकाटी लागते.

त्या काळाची एक खूण ऐकताही येते. वसईच्या चर्चेसमधल्या घंटा मराठ्यांनी विजयचिन्ह म्हणून नेल्या आणि देवळांत बांधल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा १७२१ ची आहे, वाईजवळच्या मेणवलीला नाना फडणवीसांच्या घाटावर आहे तिच्यावर मरियामाता आणि बाळ येशू कोरलेले आहेत आणि साल १७०७. सहलीत आमच्या मुलांना मी मेणवलीला ती दाखवली तेव्हा एक मुलगा म्हणाला, “बाई, मग ही परत मागायची का?” मी म्हटलं, आधी वाजवून बघ. वर्गात या प्रश्नावर नंतर तासभर भांडण झालं. माझ्या आयुष्यातला सर्वात चांगला इतिहासाचा तास तो.

छापील साहित्यात दोन जुनी पुस्तकं पुरेशी आहेत. गर्सन दा कुन्हा यांनी १८७६ मध्ये चौल आणि वसईवर लिहिलेलं आणि १८८२ चं ठाणे गॅझेटियर. दोन्ही इंग्रजीत, दोन्ही नेटवर मोफत. दा कुन्हांनी किल्ल्यातले शिलालेख उतरवून घेतले, त्यांतले काही आज पुसट झालेत. म्हणून किल्ल्यात जाल तेव्हा (आता जाऊ शकता) ते पुस्तक मोबाइलवर उघडून जा. फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीवर थडग्यांचे दगड आहेत, सेंट जोसेफच्या चर्चवर १६०१ च्या दुरुस्तीचा लेख. मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजमधली हेरास ही इतिहास संशोधन संस्था आहे, कॉलेजचं पत्र नेलं तर बसायला मिळतं. मराठीसाठी ‘सुवार्ता’ मासिकाचे जुने अंक चाळा. फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्याचे दीर्घकाळ संपादक होते, हेच पुढे २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. गावांच्या जुन्या आठवणी त्या अंकांत सापडतात.

गोन्सालो गार्सियांना विसरू नका, पण सगळा प्रकल्प त्यांच्यावर घालवू नका. वसईत जन्म, आई इथलीच, बाप पोर्तुगीज, १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर मृत्यू, १८६२ मध्ये संतपद. त्यांच्यावर सगळेच लिहितात.

त्यापेक्षा सत्तरी ओलांडलेल्या माणसांना लॅटिन मिस्साबद्दल विचारा. १९६० च्या दशकात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा मराठीत आली. माझी आजी त्या आधी मिस्साभर तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणत बसायची, कारण फादर काय म्हणतात ते कुणालाच कळायचं नाही. पहिल्यांदा मराठीत मिस्सा ऐकून घरी आली आणि म्हणाली, “एवढंच म्हणत होते होय?” अशा आठवणी सांगणारी माणसं आता फार उरलेली नाहीत, त्यामुळे वह्यांच्याही आधी ही कामं करा. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा आणि सुरुवातीलाच नाव, गाव, तारीख बोलून घ्या. मी कॅसेटवर नावं लिहिली नव्हती. आज माझ्याकडे अकरा कॅसेट आहेत आणि त्यांतल्या चार कोणाच्या, ते मला आवाजावरूनही ओळखता येत नाही.

वह्यांची परवानगी मागताना विभागप्रमुखांचं पत्र न्या, प्रमुख धर्मगुरूंना द्या आणि शंभर वर्षांपूर्वीच्याच वह्या हव्यात असं त्यात स्पष्ट लिहा. हयात माणसांच्या नोंदी कोणी दाखवणार नाही आणि दाखवूही नयेत. फ्लॅश बंद ठेवा. हे सगळं मेच्या आत उरका. पावसाळ्यात आपल्याकडे जुनी पानं ओल धरून एकमेकांना चिकटतात आणि दिवाळीपर्यंत कपाट उघडायला कोणीच तयार होत नाही.